उत्सर्ग आणि वस्तीचे मोल

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात, बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



उत्सवातील व्याख्यानात घरांच्या आणि जमिनींच्या मोलाचा विचार कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पाठशाळेत मुलांना रूपावली आणि अमरकोश शिकवणाऱ्या माणसाने जमिनीच्या भावाविषयी बोलावे, हेही थोडेसे विचित्रच आहे. परंतु आपले बहुसंख्य भक्त गृहस्थाश्रमी आहेत, आणि गृहस्थाची जन्मभराची शिल्लक बहुधा त्याच्या घराच्या चार भिंतींत असते. अर्थ हाही पुरुषार्थच आहे. तो धर्माच्या पाठोपाठ यावा, एवढीच शास्त्राची अट आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. श्रीमठापुढील मोकळ्या अंगणाला भिंत घालून फाटक बसवावे, आतील जागा भक्तांच्या वाहनांसाठी राखावी, आणि रस्त्याच्या बाजूला चार-पाच दुकानांचे गाळे काढून त्यांच्या भाड्यातून अन्नदानाचा खर्च चालवावा, अशी सूचना गेल्या वर्षापासून विश्वस्त मंडळापुढे आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, आणि अन्नदानाचा खर्च कसा वाढत चालला आहे हे मलाही ठाऊक आहे. तथापि माझे मत त्या सूचनेविरुद्ध आहे. ते का, हे ज्या शास्त्रावर आमची पाठशाळा उभी आहे त्या शास्त्राच्या आधाराने सांगण्याची अनुमती मला मिळाली आहे.

आपल्या धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त अशी कर्मांची जोडी सांगितली आहे. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, बाग, देवालय, अन्नसत्र हे पूर्त. आता एखाद्या धनिकाने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने तळे खोदले, तर तेवढ्याने त्याला पूर्ताचे फळ मिळत नाही. तळे बांधून झाल्यावर त्याला त्याचा उत्सर्ग करावा लागतो. उत्सर्ग म्हणजे दान नव्हे, हा भेद सूक्ष्म आहे आणि आजच्या विषयाचे मूळ त्यातच आहे. दानाला देणारा लागतो तसा घेणाराही लागतो. घेणाऱ्याने स्वीकार केल्यावाचून दान पुरे होत नाही. उत्सर्गात घेणारा कोणी नाही. यजमान ते पाणी सर्व भूतांसाठी सोडतो. माणसांसाठी, तसेच पशुपक्ष्यांसाठीही. त्या क्षणी त्याचे स्वामित्व संपते, परंतु ते दुसऱ्या कोणा एकाकडे जात नाही. या विधीत गाईला पाण्यात उतरवून पलीकडे नेतात, आणि यजमान तिचे शेपूट धरून मागोमाग जातो. हा भाग शिकवताना विद्यार्थ्यांना नेहमी हसू येते. मी त्यांना हसू देतो, कारण त्यामुळे तो भाग त्यांच्या लक्षात राहतो.

पुढे निबंधकारांनी मोठा मार्मिक प्रश्न उपस्थित केला आहे. ज्याने तळे सोडून दिले, त्याने त्याच तळ्यात स्नान करावे काय? दिलेली वस्तू परत घेतल्याचा दोष त्याला लागणार नाही काय? याचे उत्तर असे, की सर्व भूतांत तोही मोडतो; म्हणून इतरांप्रमाणे त्यालाही त्या पाण्याचा अधिकार आहे. मात्र तो अधिकार इतरांपेक्षा रतीभरही जास्त नाही. सार्वजनिक जागेचे सारे धर्मशास्त्र या उत्तरात आले, असे मी समजतो. जागा सर्वांची झाली म्हणजे ती माझी राहिली नाही असे नव्हे. ती माझीही आहे, पण माझीच नाही.

या विषयावर नीलकंठभट्टांचा ‘उत्सर्गमयूख’ हा स्वतंत्र ग्रंथ आहे. सतराव्या शतकातील हे पंडित काशीचे. पण त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांनी रचलेल्या बारा मयूखांपैकी ‘व्यवहारमयूख’ हा आणखी एक. इंग्रजी अमदानीत गुजरातेतील हिंदूंच्या वारशाच्या आणि वाटणीच्या खटल्यांत तो मिताक्षरेहूनही अधिक प्रमाण मानला जाई. एका दक्षिणी घराण्याच्या ग्रंथाने गुजराती घरांच्या वाटण्या ठरवाव्यात, हे आपल्या उभयभाषी मठात सांगण्यासारखे आहे. मात्र त्यातली गंमतही ध्यानात घ्यावी: घर कसे वाटून घ्यावे हे सांगणारा मयूख दोन्ही समाजांनी कोर्टात झिजवला; सोडावे कसे हे सांगणारा मयूख कपाटातच राहिला.

मोलाचा विचार करायचा तर सीमेपासून करावा लागेल, कारण सीमा नाही तर मालमत्ता नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या खुणा सांगितल्या आहेत. वड, पिंपळ असे दीर्घायुषी वृक्ष लावावेत; दोन गावांच्या सीमा जेथे मिळतात तेथे तळी, विहिरी, झरे आणि देवालये करावीत, असे तेथे म्हटले आहे. हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला त्याचे फारसे महत्त्व वाटले नव्हते. विचार केल्यावर त्यातले शहाणपण कळते. भिंत एका रात्रीत चार बोटे सरकवता येते. तळे सरकवता येत नाही, आणि त्याच्या जागेला सगळे गाव साक्षी असते. म्हणजे माझ्या खाजगी मालकीची सर्वांत भक्कम खूण कोणती, तर जी वस्तू कोणाच्याच खाजगी मालकीची नाही ती.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण पाहा. राष्ट्रकूट वंशातील कर्क सुवर्णवर्ष याच्या शके ७३४ च्या, म्हणजे इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. तेच आजचे बडोदे. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा त्यात सांगितल्या आहेत. पश्चिमेला अंकोट्टक, म्हणजे आजचा अकोटा. आणि दक्षिणेला महासेनक नावाचे तळे. गाव ज्याला मिळाले त्याचा हक्क कोठवर, हे एका सार्वजनिक तळ्याने ठरवले होते. बाराशे वर्षांपूर्वीच्या या नगराच्या पहिल्या दस्तऐवजांतच हे आहे, याचा बडोदेकर म्हणून मला अभिमान वाटतो.

आता जुन्या शहरात येऊ. मांडवीच्या चारही बाजूंना, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या दरवाजांच्या आत, ज्या पोळी आणि खडक्या आहेत त्यांत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले आहे. पोळीची रचना आपण जाणताच: एक दरवाजा, आत वळत जाणारी गल्ली, मध्ये चौक, चौकात विहीर, पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा, एखादे लहानसे देऊळ, आणि प्रत्येक घरापुढे ओटला. घरे चिंचोळी, दोन-दोन खणांची. तरीही राहणाऱ्यांना ती लहान वाटत नसत. लग्नाची पंगत चौकात, पापड-कुरडयांचे वाळवण चौकात, मुलांचे खेळ चौकात, भाद्रपदात गणपतीचा मांडव आणि आश्विनात गरबा चौकात. दोन खणांच्या घराला पाचव्या-सहाव्या खणाची उणीव चौक भरून काढीत होता. घर विकत घेणारा किंमत दोन खणांची देई, आणि त्यात चौक, विहीर व शेजार त्याला आपोआप मिळे.

ही रचना एका दिवसात बिघडली नाही. १८९२ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी शहरात आणले, हा फार मोठा उपकार. परंतु घरात नळ आला तसे चौकातल्या विहिरीकडे लक्ष देण्याचे कोणाला कारण उरले नाही. पुढे वाहने आली. ओटल्याला लोखंडी जाळी लागली, जाळीपुढे पायरी आली, पायरीवरून जिना चढला, जिन्याखाली स्कूटर गेली. प्रत्येकाने घेतले ते जेमतेम तीन फूट. पण गल्ली बारा फुटांची असेल, तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट गेल्यावर उरले सहा. आणि सहा फुटांतून रुग्णवाहिका जात नाही, अग्निशामक बंबाचे तर नावच नको. कर्जासाठी घराचे मूल्य ठरवायला येणारा मूल्यांकनकार भिंतीची जाडी नंतर पाहतो. आधी घरापुढच्या रस्त्याची रुंदी लिहून घेतो. सरकारची जंत्री, जिचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले, तीही एकेका घराची नसते. विभागागणिक तिचे दर ठरतात. आपण आपल्या घराची किंमत म्हणून जी सांगतो, तिचा मोठा भाग अशा रीतीने शेजाऱ्यांच्या वर्तनाची किंमत असतो. तीन फूट मिळवणाऱ्याने तीन फुटांचा लाभ पाहिला, आणि सगळ्या घराचे मोल उतरवून घेतले. मग मुले वासणा, गोत्री, माजलपूर अशा बाजूंना गेली, आणि जुनी घरे मालाच्या कोठारांसाठी स्वस्तात विकली गेली. सागवानी खांब तसेच आहेत. आत माणूस नाही.

कौटिल्याला हे सर्व ठाऊक होते, असे अर्थशास्त्र वाचताना पदोपदी जाणवते. रस्त्यात केरमाती टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड. चिखल-पाणी साचवून वाट अडवणाऱ्याला पाव पण. हाच अपराध राजमार्गावर झाला तर दुप्पट. तीर्थ, पाण्याची जागा, देवालय येथे घाण करणाऱ्याला त्याहून अधिक. मनूनेही राजमार्गावर, आपत्ती नसताना, घाण करणाऱ्याला दोन कार्षापण दंड सांगून ती घाण त्यानेच काढावी असे म्हटले आहे. मात्र आजारी, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांना दंड नाही, त्यांना समज द्यावी. ही सवलत मला त्या दंडाहूनही आवडते.

परंतु अर्थशास्त्रातील खरे विलक्षण स्थळ तिसऱ्या अधिकरणात, वास्तुविक्रयाच्या प्रकरणात आहे. घर विकायचे असेल तर प्रथम अधिकार नातेवाइकांचा, मग शेजाऱ्यांचा, मग ऋणको-धनको संबंधातील धनिकाचा. विक्री गुपचूप करायची नाही. शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, घरासमोर उभे राहून ती पुकारायची. आणि बोली लावणाऱ्यांच्या चढाओढीमुळे किंमत वाढली, तर ती वाढ विकणाऱ्याला नाही. शुल्कासह ती राजकोशात जाईल. आजच्या माणसाला हा नियम जुलमाचा वाटेल. मला तो जसाच्या तसा यावा असे म्हणायचे नाही. परंतु त्यामागचा विचार पाहावा. घर मालकाने बांधले, म्हणून घराची किंमत मालकाची. पण तिथे घर मिळावे म्हणून चार जण चढाओढ करतात, ते वस्ती चांगली आहे म्हणून. ती वस्ती एकट्या मालकाने घडवलेली नाही.

हाच विचार आपल्या गुजरात राज्यात कायद्याच्या रूपाने चालू आहे, आणि आपल्यापैकी ज्यांची शहराच्या कडेला जमीन होती त्यांना तो शास्त्र्यांपेक्षा चांगला कळतो. मी ‘टी. पी. स्कीम’विषयी बोलत आहे. १९७६ च्या नगररचना कायद्यान्वये एका भागातील सर्व शेते प्रथम एकत्र धरली जातात. त्यांतून रस्त्यांसाठी, बागा आणि क्रीडांगणांसाठी, शाळा-दवाखान्यांसाठी आणि काही भाग योजनेचा खर्च भागवण्यासाठी विकण्याकरिता काढून घेतला जातो. कायद्याने दाखवलेले प्रमाण रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानांना ५, सामाजिक सोयींना ५, आणि विक्रीसाठी १५ असे आहे. उरलेली जमीन नीट चौकोनी आखून ज्याची त्याला परत दिली जाते. म्हणजे शंभर हात जमीन असलेल्याला साठ हात मिळते. आणि तरीही तो रडत नाही! कारण वाकड्या बांधाच्या, वाट नसलेल्या शंभर हातांपेक्षा रुंद रस्त्यावरच्या, बागेजवळच्या साठ हातांना बाजारात अधिक मोल येते. समजा, आधीचा भाव एक रुपया होता आणि नंतरचा तीन झाला, तर शंभराच्या जागी एकशे ऐंशी झाले. वाढलेल्या मोलाच्या अर्ध्यापर्यंतचा हिस्सा योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कौटिल्याची सबंध वाढ येथे अर्ध्यावर आली, एवढाच फरक.

उत्सर्ग करणाऱ्या यजमानाला मनापासून जे करावे लागे, ते येथे कायदा करून घेतो. सोडलेल्या चाळीस हातांनी उरलेल्या साठांना मोल आणले. पण एक गोष्ट कायद्याला करता येत नाही. बागेसाठी जागा सोडवून घेता येते. त्या बागेचा मान राखायला लावता येत नाही. नव्या वस्तीतही पाच-दहा वर्षांत बागेच्या कडेला राडारोडा पडतो, पदपथावर पायऱ्या येतात, आणि जुन्या पोळीत शंभर वर्षांत झाले ते तिथे फार लवकर होते.

विश्वामित्रीविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण त्या आठवणी अनेकांना दुःखद आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ अखेर नदीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले, आणि कित्येकांच्या घरांत दोन-तीन दिवस ते उभे राहिले. पाऊस आपल्या हातात नाही. पण भूखी, रूपारेल, मासिया या ज्या कांसांनी शहराचे पाणी नदीकडे जायचे, त्या कोणी आखडल्या? २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र खोदून रुंद करण्याचे मोठे काम हाती घेतले गेले, ते योग्यच. परंतु पाणी जाण्याची वाट ही मोकळी, निरुपयोगी जागा आहे असे समजून तिच्यावर जे जे उभारले गेले, त्याची किंमत दूरच्या सोसायटीतील माणसाने आपल्या भिंतीवरच्या ओलीच्या रेषेने दिली. आज घर पाहायला आलेला माणूस देवघर कोठे आहे हे विचारण्यापूर्वी पाणी कोठवर आले होते ते विचारतो.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटलंडचे एक विद्वान हिंदुस्थानात आले होते. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा मूळ विषय. पुढे नगररचनेत त्यांनी जगभर नाव मिळवले. बडोद्याच्या विकासाविषयी त्यांचा अहवाल १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील संस्कृत महाविद्यालयाची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षीची, १९१५ ची. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास गेडिस यांचा विरोध असे. वैद्य जसा रोग्याला जपून लहानशी शस्त्रक्रिया करतो, तसे एखादे पडके घर काढून चौक मोकळा करावा, झाडे आणि तळी राखावीत, माणसे हलवू नयेत, असे त्यांचे मत होते.

बडोद्याच्या पाठोपाठ ते होळकरांच्या इंदुरात गेले. तेथे प्लेगची भीती होती, आणि घरे पाडायला आलेला साहेब म्हणून लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. गेडिस यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्याकडे मागून घेतली आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागात लोकांनी घरे दुरुस्त करून गल्ल्या अधिक स्वच्छ केल्या असतील, त्या भागातून ती जाईल. मग काय विचारता! गाड्याच्या गाड्या भरून केर शहराबाहेर गेला. घरोघर दुरुस्ती व रंगसफेदी झाली. मिरवणुकीत नरकासुराच्या जागी घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शहर झाडणारी माणसे पांढरी स्वच्छ वस्त्रे लेवून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून मानाने चालत होती. लोकांना त्या दिवशी दंडाची भीती घालावी लागली नाही. आपल्या दारावरून मिरवणूक जावी, एवढीच इच्छा पुरली. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मिरवणुकीचा हा परिणाम आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या नगरीत हे एकदा घडून गेलेले आहे.

आपल्या श्रींची पालखी दरवर्षी निघते. तिची वाट ठरवताना गेडिस यांची युक्ती उपयोगी पडेल काय, असा विचार मी पुष्कळ केला. अस्वच्छ गल्लीला पालखीपासून वंचित ठेवावे, हे माझ्या मनाला पटत नाही. दरबाराची मिरवणूक वेगळी आणि गुरूंची पालखी वेगळी. परंतु पालखीच्या विसाव्याची स्थाने ठरवताना, ज्या गल्लीने वर्षभरात आपला चौक मोकळा केला, विहीर उपसली किंवा चबुतरा दुरुस्त केला तिला अग्रमान द्यावा, हे शक्य आहे. आणि झाडणाऱ्या बंधुभगिनींच्या गळ्यात पहिली माळ घालण्यासाठी तर कोणाच्या ठरावाची गरज नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. वस्तीचे मोल वाढले की भाडेही वाढते. मग भाड्याच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या कुटुंबाने कोठे जावे? वस्ती सुधारणे म्हणजे गरिबाला तिथून उठवणे, असा अर्थ जेथे जेथे झाला तेथे सार्वजनिक जागेचा मान राहिला असे मी म्हणणार नाही. तिथे फक्त मालक बदलले. मठाच्या दारात फुले विकणारी मावशी अंगणाची शोभा बिघडवते, असेही कधी कानावर येते. ती सकाळी टोपली घेऊन येते, सायंकाळी टोपली घेऊन जाते. जागा रात्री जशीच्या तशी परत करते. अशा फिरत्या विक्रेत्यांना २०१४ च्या कायद्यानेही संरक्षण दिले आहे. सर्वांच्या जागेचा वापर करणे आणि ती बळकावणे यांतील भेद त्या मावशीला सिमेंटची पायरी पुढे काढणाऱ्या घरमालकापेक्षा अधिक कळतो.

आता आपल्या अंगणाकडे येतो. कागदोपत्री ते श्रीमठाचे आहे, यात शंका नाही. परंतु आजवर त्याचा वापर कोणी केला ते आठवा. दर्शनाला येणाऱ्यांनी केला. तसाच गल्लीतल्या मुलांनी चेंडूफळीसाठी, समोरच्या घरांनी मुंजीच्या मांडवासाठी, उन्हाळ्यात रात्री वृद्धांनी बसण्यासाठी. रुग्णवाहिका वळते ती याच अंगणात, कारण गल्लीत वळायला दुसरी जागा नाही. पूर्वसूरींनी विधिपूर्वक उत्सर्ग केला नसेल, पण वागणे उत्सर्गासारखेच ठेवले होते. भोवतालच्या प्रत्येक घराच्या मोलात या मोकळ्या जागेचा वाटा आहे. उद्या भिंत आणि गाळे झाले तर मठाला भाडे मिळेल. पण ते भाडे हवेतून येणार नाही. ते शेजारच्या घरांच्या उजेडातून, वाऱ्यातून आणि उतरलेल्या किमतीतून येईल. म्हणजे शेजाऱ्यांना न विचारता त्यांच्याच शिलकीतून आपण अन्नदान करू, आणि पुण्य आपल्या नावे लिहू. हे दान शास्त्राला मान्य होईल असे मला वाटत नाही. शिवाय तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने गाळे द्यायचे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल, ही व्यावहारिक अडचणही विश्वस्तांनी ध्यानात घ्यावी.

अन्नदानाच्या खर्चाला पर्याय हवा, हे मान्य. वर्षातील तिथ्या भक्तकुटुंबांनी आपल्या पूर्वजांच्या नावे वाटून घ्याव्यात, अशी आमच्या पाठशाळेची सूचना आहे; पाठशाळेचे अध्यापक मिळून एक तिथी घेत आहेत. वाहनांसाठी उत्सवाच्या दिवशी दूरच्या मैदानाची व्यवस्था करून शेवटची वाट पायी चालावी. देवदर्शनाला चार पावले चालल्याने कोणाचे काही गेले नाही. वृद्धांना आणायला तरुण मंडळींनी एक-दोन गाड्या ठेवाव्यात. निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून विश्वामित्रीत टाकण्याची जी रीत पडली आहे, ती निदान आपल्या मठापुरती आजपासून बंद व्हावी. निर्माल्याचे खत करण्यासाठी मागील आवारात खड्डा घेता येईल, आणि विद्यार्थी ते काम करायला तयार आहेत. स्वयंपाकघराचे सांडपाणी गल्लीच्या उघड्या गटारात जाते, त्याचीही दुरुस्ती व्हावी. या गोष्टीचा उल्लेख उत्सवाच्या व्याख्यानात शोभत नाही, पण पाणी मात्र रोज वाहते.

विश्वस्त मंडळाला माझी एकच प्रार्थना आहे. जमिनीचे स्वामित्व विश्वस्तांकडेच राहील, ते कोणाला देता येत नाही. परंतु या अंगणात कोणतेही बांधकाम करायचे नाही, ते अहोरात्र सर्वांना खुले राहील, आणि श्रीमठाचे भक्तही त्याचा वापर इतरांइतकाच करतील, असा ठराव येत्या सभेत करावा. ठराव झाल्यास कार्तिकी पौर्णिमेला उत्सर्गविधीच्या धर्तीवर संकल्प सोडता येईल. त्याचे संस्कृत वाक्य, आणि मराठी व गुजराती अर्थ, आम्ही पाठशाळेत लिहून ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी उद्या प्रातःकाळच्या पाठानंतर यावे. शेजारच्या घरांनाही त्या दिवशी आमंत्रण जावे, मग ते श्रीमठाचे भक्त असोत वा नसोत.